नाकातल्या औषधाचे गुरुवार

सोलापूर,
सोमवार, १ डिसेंबर २०२५

प्रिय सुंदर,

सप्रेम नमस्कार. तू आणि तुझी अक्का दोघी ठीक असाल. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. सगळे म्हणजे मी आणि हे, पण सवयीने ‘सगळे’ असंच लिहिलं जातं. थंडी पडली आहे. सोलापूरची थंडी तुला सांगायला नको, सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा.

नववीत असताना सिस्टर फिलोमिना शुक्रवारच्या शेवटच्या तासाला आपल्याला व्हरांड्यात बसवून रुमालाची कड शिवायला लावायच्या, ते आठवतं? माझा दोरा तुटला होता. तसा तो नेहमीच तुटायचा, कारण मी घाईने ओढायची. तू माझ्या हातातून दोन्ही टोकं घेतलीस आणि पलीकडच्या मुलीशी बोलता बोलता, न बघता, अंगठ्याखाली गाठ मारलीस. इतकी बारीक की सिस्टरनी चष्मा कपाळावर चढवून शोधली तरी त्यांना सापडली नाही. मी विचारलं, “कुठे शिकलीस?” तू म्हणालीस, “आमच्या घरी मांजरसुद्धा ही गाठ मारतं.” तुमच्या घरी माग होते, तुझे वडील, तुझे नान्ना, दिवसभर तुटलेले धागे जोडत असायचे, हे मला ठाऊक होतं. तरी मला राग आला. उरलेला तास मी तीच गाठ मारत बसले आणि माझी प्रत्येक गाठ मिरीच्या दाण्याएवढी झाली. तू हसलीस. बसमध्ये मी तुझ्याशी बोलले नाही. सात रस्ता यायच्या आधी तू माझ्या तळहातावर अर्धी चिंच ठेवलीस आणि मी ती खाल्ली.

एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण चिंच खाल्ली म्हणजे राग गेला, असं तू तेव्हाही समजलीस आणि अजूनही समजतेस, म्हणून आठवलं.

पत्र कशाला, फोन का नाही केलास, असं तू म्हणशील. फोनवर बोलायचं तर फोन माझ्या हातात यायला हवा. त्याबद्दल पुढे लिहिते. माझी भाची वैदेही एका लग्नासाठी आली होती, ती आज दुपारच्या गाडीने हैदराबादला परत निघाली आहे. तुझ्या संस्थेपासून तिचं ऑफिस लांब नाही म्हणे. तिच्या हाती हे पत्र आणि एक पिशवी देते आहे. उद्या तुला मिळेल. बुधवारपर्यंत वाचून काढ, कारण गुरुवारी तुला एक काम करायचं आहे.

आधी पायांची बातमी. तुला तीच हवी असते.

ह्यांचे पाय उत्तम आहेत. सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत चालत जातात आणि चालत येतात. चपला आता कापडी नाहीत, पूर्वीच्या चामड्याच्या काढल्या. रात्री पायावर चादर घेतात. तुझ्यासारख्या शास्त्रज्ञ बाईला चादरीचं काय कौतुक, पण ज्या माणसाला कित्येक वर्षं अंगठ्यावर सुती कापडाचा स्पर्श सहन होत नव्हता, तो गळ्यापर्यंत चादर ओढून घोरतो, हे मी रोज बघते. आयुष्यभर शाळेत ड्रिल घेतलेला माणूस. सांगोल्याच्या माळावर अनवाणी पळून जिल्ह्यात पहिला आलेला. साखरेने त्याच माणसाचे तळवे असे केले की फरशीवर पाय टेकला तरी म्हणायचे, “वैजू, निखाऱ्यावर उभा हाय मी.” आता सकाळी उठले की आधी तळवा फरशीवर नीट टेकवतात, जरा थांबतात, आणि सांगतात, “आज आग न्हाय बग.”

आणि मग म्हणतात, “डॉक्टरीणबाईंची कमाल हाय.”

रोज, सुंदर. चहाच्या आधी.

मीच तुला विचारलं होतं, हे मी विसरलेले नाही. जानेवारीत तू गड्ड्याच्या यात्रेला आलीस, आपण जत्रेत पाळण्यात बसलो नाही म्हणून हळहळलो, आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरात मी तुला म्हटलं, “तुझं ते नाकातलं औषध ह्यांना मिळेल का गं?” तू कागदावर आठ गोळे काढून दाखवलेस. आठ कड्यांची लहानशी साखळी, प्रयोगशाळेत एकेक कडी जोडायची, धुवायची, मग पुढची जोडायची. परदेशात चाळीसेक वर्षांपूर्वी एका विषाणूवर म्हणून अशी एक साखळी तयार केली होती, मग ती मेंदूवर आणि नसांच्या आगीवर वापरून बघितली, पायांना तिने काही फारसं केलं नाही. तू म्हणालीस, “माझी ही तिची धाकटी बहीण. दोन कड्या बदलल्यात. बघू, धाकटी काय दिवे लावते ते.” ह्यांना ते इतकं आवडलं की तो कागद अजून टेबलाच्या काचेखाली आहे. शेजारी तुझा वर्तमानपत्रातला फोटो आहे, ‘सोलापूरच्या कन्येचे पेप्टाइड संशोधन’ असा मथळा असलेला. मग सिद्धेश्वराचा फोटो, मग गॅसवाल्याचा नंबर. आमच्या लग्नाचा फोटो आतल्या खोलीत आहे. भिंतीवर आहे, चांगल्या जागी आहे, माझी तक्रार नाही.

तू त्या वेळी सगळं नीट समजावलं होतंस. इथल्या दवाखान्यात प्रयोग चालणार, अर्ध्या लोकांना खरं औषध, अर्ध्यांना तसल्याच बाटलीत साधं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे रोग्याला ठाऊक नाही, डॉक्टरला नाही, तुलाही नाही. शेवटी कोड उघडतील तेव्हा कळेल. “चिठ्ठ्या टाकल्यासारखं समज,” म्हणालीस. मी विचारलं होतं, पाण्याने काय होणार? तू मान हलवलीस. “वैजू, पाण्यानंसुद्धा माणसं बरी होतात. आमची झोप तिथंच उडते.”

आणि तू वाटीबद्दल बोललीस. ते तुझ्या लक्षात नसेल, म्हणून लिहिते.

रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की मी ह्यांचे तळवे काशाच्या वाटीने घासायची. माझ्या सासूबाईंची वाटी. चमचाभर तूप घ्यायचं, पाय मांडीवर घ्यायचा आणि वाटीच्या बुडाने गोल गोल घासत राहायचं. तूप हळूहळू काळं होतं. काळं झालं की हे म्हणायचे, “निघाली बग, आज लई निघाली,” म्हणजे अंगातली उष्णता. मग मी तो काळा लेप जुन्या कापडाने पुसायची. आग पुरती कधीच जायची नाही, पण तासभर डोळा लागायचा. तेवढा वेळ आम्ही बोलायचो. दुसरं बोलायला आम्हाला जागा कुठे होती? दिवसभर मी शाळेत पाचवीच्या पोरांना इंग्रजी शिकवणार, हे मैदानात शिट्टी फुंकणार, आणि संध्याकाळी ट्यूशन. ह्यांच्या बहिणीची भांडणं, आमच्या चुकीने हातचा गेलेला प्लॉट, मूल न होणं, सगळं आम्ही त्या वाटीवर बोललो. मी मान खाली घालून घासत असायची, त्यामुळे एकमेकांकडे बघावं लागायचं नाही.

तर जानेवारीत तू ते बघितलंस आणि हसून म्हणालीस, “सर, ती उष्णता नाही हो. काशातलं तांबं आणि तुपातलं आम्ल. ज्याच्या पायाला काही झालेलं नाही त्याला घासलं तरी तूप काळंच होणार.” हे खो खो हसले. “म्हंजी आमाला इतकी वर्सं वैजूनं फशिवलं म्हना की!” मीही हसले.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, घरी पायाला काही लावता का. मी सांगितलं. ते म्हणाले, प्रयोग संपेपर्यंत तेल, मलम, मालीश काही नको, वाटीही नको, नाहीतर औषधाचा गुण की वाटीचा ते कळायचं नाही. बरोबरच आहे. मी वाटी घासूनपुसून माळ्यावर ठेवली. संध्याकाळी दिवा लावून झाला की मी अजून मिनिटभर उभी राहते, आणि मग टीव्ही लावते.

आता खरी गोष्ट.

परवा, शनिवारी, शेवटच्या तपासणीला गेलो होतो. ह्यांना रक्त द्यायला आत नेलं. मी बाकावर बसले होते. तिथे निंगव्वा म्हणून सिस्टर आहे, अक्कलकोटकडची, बोलकी. ती माझ्या शेजारी टेकली आणि कागद चाळत म्हणाली, “कोड उघडले की मॅडम, काल. सरांचं पाणी निघालं बघा.”

मी म्हटलं, “कसलं पाणी?”

“साधंच की ओ. मिठाचं पाणी. औषध नव्हतंच त्यांच्या बाटलीत.” मग तिने जीभ चावली. “अय्यो, डॉक्टर शुक्रवारी बसवून सांगणार हैत. मी बोलून गेले. सरांना बोलू नका हं, माझी नोकरी जाईल.”

“पण त्यांची आग तर गेली,” मी म्हटलं.

“जातीय की मॅडम. पाण्यानं बी जातीय. माणूस मनाला लावून घेतंय ना.”

सुंदर, मी हसले. बाकावर बसल्या बसल्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसले. निंगव्वाला वाटलं मी रडते आहे, ती पाणी आणायला पळाली. मला इतका आनंद झाला होता की मला घरी पोचेपर्यंत धीर नव्हता. तुझ्या आठ कड्या, ती धाकटी बहीण, टेबलाच्या काचेखालचा फोटो, ‘डॉक्टरीणबाईंची कमाल’. आणि बाटलीत काय, तर मिठाचं पाणी! माझं काळं तूप खोटं ना? मग घे.

येताना मी रिक्षा थांबवून शेवंतीचा गजरा घेतला. हे म्हणाले, “आज काय हाय? कुनाचं लगीन?”

“काही नाही. वाटलं.”

“लई दिसांनी वाटलं,” असं म्हणून बाहेर बघत राहिले. जरा वेळाने म्हणाले, “चांगला दिसतुया.”

दुपारभर मी मनात वाक्यं जुळवत होते. त्यांना कसं सांगायचं, तुला कसं सांगायचं. आपल्याला कॉन्व्हेंटमध्ये इतकं शुद्ध बोलायला शिकवलं, पण माझ्या मनात आलेली वाक्यं सिस्टर फिलोमिनांनी ऐकली असती तर मला गुडघ्यावर बसवलं असतं.

संध्याकाळी शेजारचे सिद्धप्पा आले. तुला माहीत आहेत, कापड दुकानातले, त्यांचेही पाय असेच. हे पायरीवर बसले होते, चपला बाजूला काढून, तळवे गार फरशीवर ठेवून. मी आतून ऐकत होते.

सिद्धप्पा म्हणाले, “मास्तर, मला बी एक बाटली मागवा की तुमच्या बाईंकडनं. रात्री जीव नको होतोय.”

“तसं मिळत न्हाय ते. चिठ्ठीत नाव निघाय लागतंय. माजं निघालं.” मग तळव्यावरून हात फिरवत म्हणाले, “खरं सांगू का सिद्धप्पा? पाय तुटले असते तरी चाललं असतं. ती आग नगं. त्या बाईनं माजे पाय परत दिले. गुरवारी फोन करती, पयलं काय इचारती? पाय कसं हायत. आजवर कुनी माज्या पायांची अशी इचारपूस केली न्हाय.”

कुणी केली नाही.

मी हातातली पळी खाली ठेवली. मला राग आला म्हणून नाही. तेव्हाच मला कळलं की दुपारी मी ज्याला जिंकणं समजत होते ते काय होतं. बाटलीत औषध असतं तर ह्यांना औषधाने बरं केलं असतं. माझं त्या औषधाशी भांडण नव्हतं, आठ कड्या आहेत, कुणाच्याही नाकात जातील, कुणालाही बऱ्या करतील. पण बाटलीत पाणी होतं. मग ह्यांना बरं कुणी केलं? तू. नुसतं तुझं नाव. दर गुरुवारी तू विचारलंस म्हणून. मी त्याच पायांना मांडीवर घेऊन इतकी वर्षं घासत राहिले आणि तासाभराची झोप दिली. तू फोनवर दोन वाक्यं बोललीस आणि रात्रभराची दिलीस.

आता लिहूनच टाकते. मला तुझा हेवा वाटतो. शाळेत वाटायचा त्याहून जास्त.

आणि ह्याहून वाईट एक आहे. काल आणि आज सकाळी ह्यांनी फरशीवर पाय टेकवला तेव्हा मी दारात उभी होते, आणि माझ्या मनात आलं, आज जळू देत. थोडेच. वाटी काढण्यापुरते.

हे वाक्य लिहून मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. खोडणार नाही. काल मी स्टूल घेऊन माळ्यावर हात घातलासुद्धा होता. हे मागून आले. “काय शोधतीस?” मी म्हटलं, “लोणच्याची बरणी.” “डिसेंबरात?” म्हणाले आणि स्टूल धरून उभे राहिले, मी पडू नये म्हणून. मी रिकाम्या हाताने खाली उतरले.

आता फोनबद्दल.

परवाच्या गुरुवारी तू फोन केलास तेव्हा मी भाकऱ्या करत होते. ह्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावलेला असतो. तुझा आवाज साऱ्या घरात येतो.

“काय सर, पाय काय म्हणतात?”

“पाय? पाय म्हन्त्यात, हैद्राबादला जायाचं.”

“आवो की! बिर्याणी खिलाती. चालत येणार का सर?”

“तुमी म्हनाला तर पळत येतू.”

मग तुम्ही दोघं किती हसलात. मग तू झोपेचं विचारलंस, साखरेचं विचारलंस, रात्री मुंग्या येतात का ते विचारलंस. त्यांनी सगळं शहाण्या मुलासारखं सांगितलं. शेवटी तू म्हणालीस, “वैजू आहे का?”

मी पीठ लागलेले हात तसेच घेऊन दारापर्यंत आले होते.

हे म्हणाले, “हाय की. भाकरी करतीया.”

आणि तू म्हणालीस, “असू दे मग. मी विचारलं म्हणून सांगा.”

मी परत गेले. तव्यावरची भाकरी करपली होती. हे जेवताना म्हणाले, “सुंदराबाईंनी तुला इचारलं हाय.” मी म्हटलं, ऐकलं.

सुंदर, तो फोन माझा होता. तू हैदराबादला गेलीस तेव्हापासून. आधी तू चौकातल्या टेलिफोनवाल्याकडे रांगेत उभी राहायचीस. आमच्याकडे फोन नव्हता, तू आमच्या वरच्या कुलकर्ण्यांकडे करायचीस आणि त्यांची इंद्रायणी जिन्यावरून ओरडायची, “वैजूमावशी, सुंदरमावशीचा फोन!” मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची. गुरुवार का, तर त्या दिवशी संध्याकाळी तुझं यंत्र धुवायला लागायचं, तेवढा वेळ तू मोकळी. तू म्हणायचीस, “वैजू, मी एक कडी जोडलीय, ती पक्की बसेपर्यंत बोल.” मी काय काय बोलले आहे तुझ्याशी! डॉक्टरांनी मूल होणार नाही सांगितलं ते मी ह्यांच्या आधी तुला सांगितलं. तुझे नान्ना गेले तेव्हा तू काहीच बोलली नाहीस, नुसता फोन धरून बसलीस, आणि मी पण बसले.

जानेवारीपासून एकाही गुरुवारी तू माझ्याशी अशी बोललेली नाहीस. तुला हे कळलंसुद्धा नसेल. तू विचारशील, मग बोलायचंस ना. कशी बोलू? ज्या फोनने नवऱ्याला झोप लागते तो त्याच्या हातातून काढून घेऊ?

म्हणजे बघ माझी अवस्था. मला वाटत होतं तू माझा नवरा नेलास. बसून नीट विचार केला तेव्हा असं दिसलं की नवऱ्याने माझी मैत्रीण नेली आहे, आणि मी दोघांवर जळते आहे. ह्यांच्या पायांतली सगळी आग निघाली खरी. कुठे गेली ते तुमच्या प्रयोगात कुणी लिहिलं नाही.

आता काम.

शुक्रवारी डॉक्टर ह्यांना सांगणार आहेत. तो भला माणूस आहे, पण भराभर बोलतो आणि अर्धं इंग्रजीत. ‘प्लासिबो’ म्हणेल. हे मान हलवतील, काही विचारणार नाहीत, घरी येऊन पायरीवर बसतील आणि त्यांना वाटेल, साऱ्या गल्लीसमोर मी वेडा ठरलो. तळ्यावरच्या म्हाताऱ्यांना ह्यांनी तुझ्या साखळीवर भाषणं दिली आहेत, तुला कल्पना नाही. आणि पाय पुन्हा पेटले तर? पेटतील की नाही मला माहीत नाही, तुलाही माहीत नसेल. पण त्यांना खोट्यात ठेवून झोपवायचं, हे मला जमणार नाही. त्यांचे पाय आहेत, त्यांना कळलं पाहिजे.

मी सांगू शकले असते. काल दोनदा तोंड उघडलं. पण मी सांगितलं तर मला आनंद होईल, सुंदर, आणि तो त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसेल. इतकी वर्षं मान खाली घालून बोलले तरी माझा चेहरा त्यांना वाचता येतो. म्हणून तू सांग. तुला कोड कळत नाहीत, नुसते नंबर दिसतात, म्हणून मी हे लिहून कळवते आहे. प्रयोगाच्या नियमात बसतं का ते तू बघ, नसेल बसत तर डॉक्टरांना आधी फोन कर आणि विचार. निंगव्वाचं नाव घेऊ नकोस.

सांगताना हसवून सांगू नकोस. त्यांना खरंच आग होत होती आणि ती खरंच गेली, हे आधी सांग. मग पाण्याचं सांग. ते विचारतील, “म्हंजी मी फसलो का?” त्यावर काय बोलायचं ते तुला सुचेल, मला सुचलं नाही. खरं औषध आता हवं त्यांना देणार आहेत म्हणे. घ्यायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. त्यांनी घ्यायचं म्हटलं तर साक्षीदाराची सही मी करीन, आणि तुझ्या आठ कड्यांनी गुण यावा म्हणून रूपाभवानीला जाऊन येईन. मनापासून जाईन. हे खरं आहे, हेवा वाटत असला तरी खरं आहे.

वैदेहीची ट्रेन दीडची आहे, आणि ती दोनदा येऊन बघून गेली. पिशवीत काय आहे ते लिहिते, म्हणजे घोटाळा नको.

डाळिंबं दिरांच्या बागेतली आहेत, सांगोल्याची. ती तुझ्या प्रयोगशाळेतल्या मुलींना वाट. तू दोन ठेव, जास्त नको, तुझीही साखर वाढली आहे असं अक्का म्हणाली. शेंगाचटणीच्या दोन पुड्या आहेत, लाल दोऱ्याची बिनलसणीची, ती अक्काला. दुसरी तुला, तिखट आहे, डोळ्यांत पाणी येईल, येऊ दे. कडक भाकऱ्या वैदेहीच्या खोलीतल्या मुलींसाठी आहेत, त्यातल्या तू मागू नकोस. शेवंतीचा रंग असलेली चादर तुमच्या यंत्रावर काम करणाऱ्या त्या बाईला दे, जिने ह्यांच्यासाठी बाटल्या भरून पाठवल्या असं तू म्हणाली होतीस. तिला पाण्याचं काही सांगू नकोस. तिने आपलं काम चोख केलं आहे.

गुरुवारचा फोन ह्यांना. ह्या गुरुवारचाच नाही, पुढचेही सगळे. पायांना त्याची गरज आहे, खरं औषध घेतलं तरी आहे. स्पीकर लावलेला असेल, मी तेवढा वेळ खाली भाजीला जाईन.

मला दुसरा वार दे. कुठलाही चालेल, पण त्या दिवशी ह्यांचे पाय विचारू नकोस.

तुझी, आणि तुझ्यावर रागावलेली,
वैजयंती